आप्पांच्या वाट्याचा रोट

आमच्या समोरच्या घरात राहणारे आप्पा फोनवरच्या मशीनशी बोलत असत. बँकेला फोन लावला की कोणत्या भाषेसाठी कोणतं बटन दाबायचं ते एक बाई सांगते. आप्पा ती यादी शेवटपर्यंत ऐकून घेत. मग फोन तोंडासमोर धरून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारत, "बाई, आम्हनी बोली कितवा बटनवर शे?" बाई पुन्हा पहिल्यापासून सुरू करी. आप्पा पुन्हा ऐकत. शेवटी फोन आपोआप बंद पडे. "लाजनी बिचारी," असं म्हणून ते फोन खिशात टाकत आणि चालत बँकेत जात.

बँकेतही ते अहिराणीच बोलत. खिडकीवरची मुलगी सौराष्ट्राकडची होती. सुरुवातीला ती हिंदीत उत्तरं द्यायची, हे अहिराणीत विचारायचे, आणि कामं होऊन जायची. एकदा मी मार्चअखेरच्या गर्दीत रांगेत उभा होतो. आप्पा आत आले तशी ती काचेमागून म्हणाली, "आप्पा, बठा. आते व्हई जाई." आप्पा बसले. माझा नंबर आला तेव्हा ती मला म्हणाली, "बोलो अंकल." मीही त्याच खिडकीवर जातो. माझ्याशी ती आजवर याहून जास्त काही बोललेली नाही.

आप्पांबद्दल लिहायला बसलो की मला अशाच गोष्टी आधी आठवतात, ज्यांत त्यांना काही तरी मिळालं आणि मला नाही. हेवा हा शब्द चांगला नाही. पण मी हिशेब लिहिणारा माणूस आहे. जी रक्कम ज्या खात्याची, ती तिथेच टाकावी लागते.

मी टेक्स्टाइल मार्केटमध्ये साड्यांच्या एका पेढीवर मेहताजी आहे. सतराव्या वर्षी पारोळ्याकडच्या आमच्या गावातून सुरतेत आलो. तोंड उघडलं की शेजारच्या दुकानातली पोरं माझी नक्कल करायची. वर्षभरात मी गुजराती शिकलो, लिहायलाही. मराठी पुस्तकातल्यासारखी करून घेतली. मारवाडी व्यापाऱ्यांपुरती हिंदी, कॉम्प्युटरपुरती इंग्रजी. शेठ पाहुण्यांना सांगतात, "आ तो पाक्को सुरती थई गयो," आणि मला ते ऐकायला आवडतं. याचं मला वाईट वाटत नाही. याच जोरावर गोडादऱ्यात घर झालं आणि मुलगी इंग्रजी शाळेत गेली.

आप्पा माझ्याही आधी आलेले. लिंबायतच्या कारखान्यांत बिघडलेले माग दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. बायको वारली होती. एकुलता मुलगा कॅनडात. दारासमोर ओटा, ओट्यावर लाकडी बाक, आणि बाकावर ठेवलेला एक जुना धोटा, म्हणजे मागावर इकडून तिकडे धावत आडवा धागा टाकतो तो. नवी परदेशी मशीन आली तेव्हा धोट्यांचं काम संपलं, त्यातला एक त्यांनी घरी आणला. बाकावर बसायचं तर अहिराणी बोलायचं, नाही तर गप्प बसायचं, असा त्यांचा नियम होता. कुणी मध्येच "लेकिन" किंवा "अॅक्च्युअली" म्हणालं की धोटा बाकावर आपटायचा. टक्. बोलणारा सगळं वाक्य पहिल्यापासून पुन्हा बोलायचा. लोक रागावत नसत, ही मला न समजणारी गोष्ट होती. नाक्यावरचा चहावाला ओडिशातला. तो त्या बाकावर दुपारचा येऊन बसे. एके दिवशी मी ऑफिसला निघालो तर तो मला हाक मारून म्हणतो, "भाऊ, कोठे चालना? चहा त पी ले!" मी त्याला हिंदीत सांगितलं, देर हो रही है.

आमच्या गल्लीत बावीस घरं. पंधरा खानदेशातली, बाकीची ओडिशा, उत्तर प्रदेश आणि आंध्रातली. संध्याकाळी मुलं बाहेर आली की बावीसही घरांतून एकच भाषा बाहेर येते, मोबाईलवरच्या खेळांची हिंदी, मध्ये मध्ये इंग्रजी. मला त्यात गैर वाटत नसे. मी आप्पांना तसं म्हणालोही होतो.

"आप्पा, आमच्याकडे सूत चीनमधून येतं, साड्या दुबईला जातात. जग एक होत चाललंय. एका भाषेत काम भागतं, तर चार कशाला सांभाळायच्या?"

मी मराठीत बोलत होतो म्हणून बाकावर न बसता उभाच होतो. आप्पांनी विचार केल्यासारखं केलं.

"काम त भागस, भाऊ. पन भांडाले काय वापरस तू?"

"मी भांडत नाही."

"मंग भागनं तुन्हं," असं म्हणून ते चहावाल्याकडे वळले.

वडील गेल्यावर मी आईला गावाहून घेऊन आलो. माझी बायको नाशिककडची, घरात मराठी. मुलगी मैत्रिणींशी गुजराती, आमच्याशी निम्मी हिंदी. आई खिडकीपाशी खुर्चीत बसून असायची. विचारलं तर "हो" म्हणायची, "नको" म्हणायची, "जेवले" म्हणायची. वय ऐंशीच्या घरात. मला वाटलं, थकली आहे, आणि तिचा स्वभावही पहिल्यापासून अबोलच असावा.

एका रविवारी सकाळी मी आंघोळीला निघालो होतो. बाहेर कुणी तरी बाई मोठमोठ्याने हसत होती. कोण म्हणून खिडकीतून पाहिलं. आई आप्पांच्या बाकावर बसली होती.

"काय व माय, गोड व्हयना का चहा?" आप्पा विचारत होते.

"याले चहा म्हनस तू? म्हशीस्ले पाजा! तुन्ही बायको गई ती हाऊ चहा पीसनच गई व्हई!"

आणि दोघंही हसत होते. आप्पा तर डोळे पुसत होते. मेलेल्या बायकोवरून असं बोलल्यावर माणूस हसतो, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. आईचं ते हसणंही पहिल्यांदाच ऐकलं. मी टॉवेल खांद्यावर घेऊन तसाच उभा राहिलो. बायको म्हणाली, "बरं झालं, त्यांचं मन रमलं." मी म्हणालो, "हो." पण माझं बरं झालं नव्हतं.

त्यानंतर आई रोजच समोर जाऊ लागली. घरात "हो" आणि "नको", आणि समोर तोंडाचा पट्टा. कोणाच्या लग्नात कोण रुसलं, कोणत्या विहिरीत कोणाची म्हैस पडली, सगळं मी आमच्या खिडकीतून, पडद्याआडून ऐकायचो. शेवटी एकदा संध्याकाळी मी तिच्याजवळ स्टूल ओढून बसलो आणि ठरवून म्हणालो, "माय, आज काय जेवशी? तुन्हासाठे काय करू?"

शब्द सगळे बरोबर होते. पण मी ते एकेक मोजून टेबलावर ठेवावेत तसे ठेवले. आईने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "भाऊ, तू कसाले तरास लेस? मराठी बोल. समजस माले."

तिने ते मायेनेच म्हटलं. मी उठलो आणि टीव्ही लावला. त्या संध्याकाळी आप्पांच्या ओट्यावर धोटा वाजला की तो माझ्या डोक्यात वाजत होता.

पुढे माझी मुलगीही तिकडे जाऊ लागली. कॉलेज सुटलं की बॅग घरात टाकून बाकावर. तिच्या तोंडी दर वाक्याला दोन इंग्रजी शब्द, त्यामुळे पहिल्या दिवसांत नुसती टकटक ऐकू यायची, आणि आजीचं हसणं. पावसाळा लागेपर्यंत टकटक कमी झाली. मग आजी आणि नात घरातही अहिराणी बोलू लागल्या. जेवताना माझ्या ताटावरून बोलणं इकडून तिकडे जाई. मला सगळं कळत होतं आणि कुणी मला काही विचारत नव्हतं.

एकदा वरण वाढून घेता घेता मुलगी म्हणाली, "पप्पा, आपको पता है? आप साढ़े तीन साल तक बोलते ही नहीं थे."

मला माहीत नव्हतं.

"आजीला सगळे म्हणायचे, ये तो गूंगा है. मग आजीने कानबाईको मन्नत मांगी. आणि त्याच वर्षी, रोट खाताना, आप पहली बार बोले. 'आखो' बोले."

आखो म्हणजे आणखी. मी आईकडे पाहिलं. ती भात कालवत होती. माझ्या आयुष्यातला पहिला शब्द मला पन्नाशीत कळला, आणि तोही मुलीकडून, हिंदीत, समोरच्या घरावरून फिरून आलेला. आईने तो आप्पांना आधी सांगितला होता.

आता कानबाईबद्दल सांगायला हवं, कारण आप्पांची खरी गोष्ट तिथे आहे. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आम्हा खानदेशी लोकांच्या घरी कानबाई देवी बसते. त्याआधी घरातल्या म्हाताऱ्या बाईने, भाऊबंदांतल्या प्रत्येक पुरुषाचं नाव घेऊन, सव्वा मूठ गहू सुपात टाकायचे. ते गहू दळून त्या पिठाचे रोट करायचे. रोट भाऊबंदांनीच खायचे, बाहेरच्याला कणही द्यायचा नाही, आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. आमच्याकडे हे अजून काटेकोर पाळतात.

त्या वर्षी आईने सूप पुढे घेतलं. लिंबायतहून माझा चुलतभाऊ आला होता. आई मूठ उचलायची, नाव घ्यायची, टाकायची. "हाई मन्हा भाऊनी." ती माझी. मग चुलतभावाची, त्याच्या मुलांची. माझ्या सवयीप्रमाणे मी मनात मोजत होतो. नऊ व्हायला हव्या होत्या. नऊ झाल्या. आईने दहावी मूठ उचलली.

"हाई समोरना आप्पानी."

गहू सुपात पडले. चुलतभाऊ म्हणाला, "काकू, हे काय केलं? आप्पा आपला भाऊबंद आहे का?"

"मंग कोन शे?"

"अहो, ते बौद्ध आहेत. ना आपल्या कुळातले, ना आपल्या जातीतले. ते तर कानबाईही मानत नाहीत."

आईने सूप मांडीवर ओढून घेतलं. "आठे मन्हासंगे दुसरं कोन बोलस रे? सांग माले. कोन बोलस?"

हे तिने त्याला विचारलं. मी तिच्यापासून हातभर अंतरावर बसलो होतो.

चुलतभाऊ मला बाजूला घेऊन म्हणाला, "तू सांग काकूला. हे गहू गाईला घालू, दुसरे घेऊ." मी सांगून पाहिलं. आईने सूप सोडलं नाही. गहू तर एकमेकांत मिसळून गेलेले. कोणते आप्पांचे आणि कोणते माझे, ते आता कुणालाही वेगळं करता येणार नव्हतं. चुलतभाऊ म्हणाला, "मग आप्पांनाच विचार. ते नाही म्हणतील आणि विषय संपेल."

मलाही तेच हवं होतं. आप्पांच्या घरात समोरच्याच भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता. आमच्या गणपतीची आरती ते बाकावरूनच ऐकत, प्रसादाला हात जोडून नको म्हणत. ते नाही म्हणणार याची मला खात्री होती, आणि ते नाही म्हणाले हे आईला सांगायला मीच जाणार होतो. रस्ता ओलांडताना मला बरं वाटत होतं. खोटं कशाला लिहू?

आप्पा बाकावर होते. मी उभ्यानेच, मराठीत सांगितलं. आईने तुमच्या नावाने मूठ टाकली आहे, पण तुमचा धर्म वेगळा, तुमचा संकोच आम्ही समजू शकतो, तुम्ही नाही म्हणालात तरी कुणाला वाईट वाटणार नाही.

आप्पा बराच वेळ धोटा हातात फिरवत राहिले.

"मन्हं नाव लिनं मायनी?"

"हो."

"मूठ टाकी?"

"हो, पण..."

"देवीनं मी खात नही, भाऊ," ते म्हणाले. "मायनं खास."

रविवारी ते धुतलेला सदरा घालून आले. कानबाईसमोर थांबले नाहीत, हात जोडले नाहीत, सरळ आईसमोर जाऊन बसले. चुलतभाऊ ताट घेऊन दुसऱ्या खोलीत गेला. आईने रोट, खीर, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी वाढली आणि समोर बसून भाजीत तिखट जास्त झालं म्हणून त्यांच्याशीच भांडली, जणू ती त्यांनी केली होती. मी वाढत होतो. आप्पांनी तिसऱ्यांदा खीर मागितली तेव्हा माझा हात जरा आखडला, हे मुलीने पाहिलं.

निघताना ते दारात चपला घालत थांबले. त्यांच्या मुलाने कॅनडातून मोबाईलवर नातवंडं दाखवली की काय होतं ते मला ठाऊक होतं. नातवंडं इंग्रजीत काही तरी म्हणत, आप्पा अहिराणीत काही तरी म्हणत, मग दोन्हीकडून नुसते हात हलत. पडदा बंद झाल्यावर ते फोन बाकावर पालथा घालून ठेवत.

"भाऊ," ते म्हणाले, "माले तुन्हा हेवा वाटस."

मला हसू आलं. "माझा?"

"माले चार शब्द ऐकाले अख्खी गल्ली शिकाडनी पडनी. तुन्हा घरमा माय बठेल शे."

मग मला राग आला. इतकी वर्षं मी ज्यांचा हेवा केला, त्यांनी हेवासुद्धा माझ्याकडे ठेवला नाही, तोही स्वतःकडे घेतला.

गेल्या दिवाळीनंतर मुलगा येऊन त्यांना घेऊन गेला. घर विकलं. बाक आमच्या ओट्यावर आला, धोटा त्यांनी सोबत नेला. विमानतळावर तो पिशवीतून काढायला लावला आणि हे काय आहे म्हणून विचारलं, तेव्हा आप्पांनी अर्थातच अहिराणीत समजावून सांगितलं, असं मुलगा म्हणत होता. आता ते आठवड्यातून एकदा आईला फोन करतात. शेजारी कुणी पंजाबी म्हातारा आहे, तो "काय चालनं?" म्हणायला शिकला आहे.

एरवी आई खिडकीपाशी असते. नात पुण्याला नोकरीला लागली, सुट्टीत येते. बायको प्रयत्न करते. मीही करतो, पण आई "समजस, समजस" म्हणते आणि मी मराठीवर येतो.

या श्रावणात पुन्हा सूप पुढे आलं. मुलगी सुट्टी काढून आली होती. नऊ मुठी झाल्या. आई थांबली. चुलतभावाने श्वास सोडला. मग आईने दहावी मूठ उचलली.

"हाई आप्पानी."

"काकू, ते साता समुद्रापलीकडे आहेत," चुलतभाऊ म्हणाला. "पौर्णिमेच्या आत खायचं असतं. कोण खाणार?"

आईने सूप पुन्हा मांडीवर ओढून घेतलं.

"मी खासू," मी म्हणालो.

रविवारी मी माझ्या वाट्याचे रोट खाल्ले. मग आईने आप्पांचं म्हणून वेगळं काढलेल्यातलं माझ्या ताटात वाढलं. रोट जाड असतात, पोट भरलेलं होतं. मी खात राहिलो. आई समोर बसून पाहत होती. ताट रिकामं झालं तेव्हा टोपलीत आप्पांच्या वाट्याचा अर्धा रोट उरला होता. मी ताट पुढे केलं.

"आखो," मी म्हणालो.

हा शब्द मी ठरवला नव्हता. ठरवला असता तर तो तसा आला नसता.

आईने माझ्याकडे नीट पाहिलं. मग तिने कमरेवर हात ठेवला.

"मोठा ऊना आखोवाला! पोट शे का कोठी? बापनी जलमभर दोन रोट खादात, आनि हाऊ देखा! फुटशी ना मुडद्या! कोन उचली तुले?"

ती बोलतच राहिली. माझं खाणं, माझं चालणं, माझं लहानपणचं वाहतं नाक, शेठसमोर वाकणारी माझी मान, सगळं तिने फैलावर घेतलं. टोपलीतला अर्धा रोट ताटात आदळला. मी तो शेवटच्या कणापर्यंत खाल्ला. आप्पांसाठी काही ठेवलं नाही.

वर पाहिलं तर मुलीच्या हातात मोबाईल होता. तिने सगळं त्यात टिपलं होतं.

"पप्पा, आप्पाले धाडू का?" तिने विचारलं. "भलता खूश व्हई तो."

"नही," मी म्हणालो. "हाई मन्हं शे."